हापूसची थंडी

रत्नागिरीच्या हापूसला थंडी लागते, पण बेताची. कोकण किनाऱ्यावरचा हिवाळा तसा पहाटेपुरताच. दिवसा पारा तिशीच्या आसपास असतो आणि मतलई वारा सुटला की रात्री तो जेमतेम पंधरा-अठरा अंशांवर उतरतो. जिल्ह्यातल्या कलमांचा मोहोर एवढ्याशा उतारावर अवलंबून आहे. रात्री दोन अंशांनी उबदार झाल्या, तर नाशिककर फार तर एक पांघरूण कमी घेईल; रत्नागिरीत मात्र हंगामच पुढे सरकतो.

आंब्याच्या काडीच्या टोकाला असलेल्या डोळ्यातून पालवीही फुटू शकते आणि मोहोरही. नियंत्रित तापमानात वाढवलेल्या झाडांवर हे स्वच्छ दिसले आहे: दिवसा 15 आणि रात्री 10 अंश ठेवले की मोहोर येतो, 30 आणि 25 ठेवले की पालवी. थंडीची दखल डोळा नव्हे, पाने घेतात. मोहोराचा संदेश तिथे तयार होऊन टोकाकडे जातो. म्हणून पाने जून असावी लागतात. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर झाड पुन्हा पालवते, आणि ती कोवळी काडी तयार होईतो आलेली थंडी वाया जाते. कातळावरच्या बागांना इथे थोडा फायदा असतो. जांभ्यातून पाणी लवकर निचरते, झाडाला ताण बसतो आणि नवी पालवी आवरली जाते.

हिवाळा उबदार होतो म्हणजे थंडी सरसकट घटते, असे नाही. ती उशिरा येते, तुकड्यातुकड्यांनी येते, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. डिसेंबरच्या मोहोराला कणी धरलेली असताना जानेवारी-फेब्रुवारीत थंडीने मुक्काम ठोकला, की त्याच फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते. वाटाण्याएवढी झालेली कणी पिवळी पडते आणि गळते. झाड लांबून बहरलेले दिसते, पण हाताशी आलेले फळ गेलेले असते. ‘थंडी पडली, यंदा आंबा चांगला’ या दरवर्षीच्या बातम्या म्हणूनच अर्ध्याच खऱ्या. हा पुनर्मोहोर रोखण्यासाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ जिबरेलिक आम्लाची फवारणी सुचवते. मोहोर उमलताना ढगाळ, दमट हवा आली तर तुडतुडे आणि भुरी वाढतात, आणि फवारणीचा खर्च चढत जातो.

पुढचा धोका उन्हाचा. पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात तेव्हा खारे वारे उशिरा पोचतात आणि किनाऱ्यावरही पारा 37-38 अंशांच्या पुढे जातो. कमाल तापमानाच्या देशभरातल्या सरासरीत फेब्रुवारी 2023 हा 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. उशिरा धरलेली कणी नेमकी अशा उन्हात सापडते.

थंडीची उणीव काही अंशी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतले ‘कल्टार’, भरून काढते. पावसाळ्यात ते बुंध्याभोवती मातीत दिले की पालवी आवरते आणि मोहोर लवकर येतो. मात्र झाडाला तेवढे खत घातले नाही तर ते खंगते. कराराने घेतलेल्या बागेत दहा वर्षांनंतरच्या झाडाची काळजी कोणी करायची, याचे उत्तर कोणत्याही शिफारशीत नाही.

वाण बदलणे हा दुसरा मार्ग. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’, आणि रत्ना-हापूस संकरातून ‘सिंधू’ हे वाण विद्यापीठाने दिले. तरी भाव हापूसच्या नावाला आहे. 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसलाच आहे. हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागा थंडीच्या शोधात डोंगर चढू लागल्या. हापूसला तशी मोकळीक नाही, त्याचे नावच जागेला बांधलेले आहे.

हवामान आधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान आणि वारा यांवर भरपाई ठरते. थंडीच न पडल्याने महिनाभर लांबलेला मोहोर या चौकटीत बसवणे अवघड आहे. बाजारात मात्र त्याचा हिशेब चुकत नाही. मार्चच्या पेटीला मिळणारा भाव मेअखेरीस मिळत नाही, कारण तोवर वाशीत कर्नाटकचा आंबा मुबलक आलेला असतो, आणि झाडावर राहिलेल्या फळाला पावसाआधी उतरवण्याची घाई असते.