हाक किती मोठ्यानं मारायची?

समजा, मी एक लायब्ररी लिहिलीये. पुस्तकांची नव्हे, कोडची. इतरांनी आपापल्या अ‍ॅपमध्ये उचलून वापरायची. तिचं काम एकच, कुठल्यातरी सर्व्हरवरून फाइल आणून द्यायची. पहिल्या प्रयत्नात कनेक्शन तुटलं. दुसऱ्यातही तुटलं. तिसऱ्यांदा फाइल आली. आता त्या दोन फसलेल्या प्रयत्नांची लॉगमध्ये नोंद करताना मी कोणती पातळी लावू? डीबग, इन्फो, वॉर्निंग की एरर?

प्रोग्रामिंग न करणाऱ्यांसाठी: लॉग म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी. चालता चालता काय काय घडलं ते तो लिहीत जातो आणि प्रत्येक नोंदीवर ती किती गंभीर आहे याचा शिक्का मारतो. पायथनमध्ये या शिक्क्यांना चक्क आकडे आहेत. डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आकडे पाहिले की थर्मामीटर आठवतो. ताप १०२ म्हणजे १०२, त्यात मत कसलं? पण इथला ४० मोजलेला नसतो, कुणीतरी ठरवलेला असतो. आणि ठरवणारा माणूस, म्हणजे इथे मी, ज्या घरात हे सगळं घडतंय त्या घरात कधी गेलेलाच नसतो.

माझी लायब्ररी एकानं रोज नवा वॉलपेपर आणायला वापरली, दुसरीनं रक्ततपासणीचे रिपोर्ट आणायला. कनेक्शन तुटलं ही घटना दोन्हीकडे तीच, कोडची ओळही तीच. गांभीर्य मात्र घटनेत नसतं, ती कुणाच्या कामात घडली त्यात असतं. सिसलॉग ही जुनी पद्धत, एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेलच्या कामातून आणलेली. तिच्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत आणि १ चा अर्थ आहे, ताबडतोब काहीतरी करायला हवं. कुणी करायला हवं? लायब्ररीला ते माहीत असणं शक्यच नाही. रात्री तीन वाजता कुणाचा फोन वाजणार हेही नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की शंका असेल तर एरर लावून टाका, सावध राहिलेलं बरं. पण ही सावधगिरी नक्की कुणासाठी? ‘आम्ही लॉगमध्ये लिहिलं होतं’ हे वाक्य मी मीटिंगांमध्ये पुष्कळदा ऐकलंय. सरकारी फायलीवर ‘अवलोकनार्थ’ लिहून ती पुढच्या टेबलावर सरकवतात ना, त्याचाच हा चुलतभाऊ. लिहिणारा सुटतो, वाचणारा अडकतो. एखादी गोष्ट कळवणं वेगळं आणि कळवल्याचा पुरावा स्वतःपाशी ठेवणं वेगळं.

‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट इथे सगळ्यांना आठवते. मला ती पुरेशी वाटत नाही. तो मुलगा खोटं बोलत होता. लायब्ररी खोटं बोलत नाही. कनेक्शन खरंच तुटलेलं असतं. प्रत्येक हाक खरी, तरीही गाव धावायचं थांबतं. शाळेत शिकवलेल्या खरं-खोटंच्या हिशेबात हे बसत नाही, म्हणूनच या प्रश्नानं मला इतके दिवस धरून ठेवलंय.

याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत वाईट उदाहरण लायब्ररीचं नाही, एका यंत्राचं आहे. थेराक-२५ हे कॅनडातल्या कंपनीनं बनवलेलं रेडिएशन उपचारांचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मोठा डोस दिला. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि सुरक्षेच्या रचनेत होता, संदेशांमध्ये नव्हे. हे आधी सांगायला हवं. पण मार्च १९८६ मध्ये टेक्ससमधल्या टायलर इथे स्क्रीनवर उमटलं काय, तर ‘मालफंक्शन ५४’. मॅन्युअलमध्ये या आकड्याचा खुलासा नव्हता. डोस ठरल्यापेक्षा जास्त तरी गेला किंवा कमी तरी, एवढाच त्याचा अर्थ होता. असे संदेश त्या यंत्रावर वरचेवर यायचे आणि ‘पी’ दाबलं की उपचार पुढे सुरू व्हायचा. ऑपरेटरनं पी दाबलं. रुग्णाला दुसरा झटका बसला. काही महिन्यांनी तो गेला.

त्या ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. मला मात्र यंत्राच्या आतला तो कोपरा दिसत राहतो, ज्याला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं आणि ज्यानं ते एका आकड्यात गुंडाळून वर ढकललं.

मग गप्प बसायचं का? तसंही नाही. पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका लायब्ररी लिहिणाऱ्याला बजावते की आपल्या लॉगरला नलहँडलरशिवाय दुसरा हँडलर जोडू नका. म्हणजे नोंद जरूर करा, पण ती कुठे दिसेल, दिसेल की नाही, हे अ‍ॅपवाल्याला ठरवू द्या. पाहुण्यानं यजमानाच्या टीव्हीचा आवाज वाढवू नये, तसं. यातून काहीजण भलताच धडा घेतात आणि झालेली चूक गिळून डीबगची एक ओळ टाकून मोकळे होतात. त्याला मी विनय म्हणणार नाही. ते अंग काढून घेणं झालं.

जे बोलावणाऱ्याला थेट सांगता येतं, ते लॉगमध्ये ओरडायचं नाही, असं मी धरून चालते. फाइल मिळालीच नाही तर एक्सेप्शन फेकायचं. बातमी त्याच्या हातात पडली, तिला एरर म्हणायचं की सोडून द्यायचं ते तो बघेल. आपणही एरर लिहिली आणि त्यानंही लिहिली, तर एकाच अपघाताच्या दोन एफआयआर. ते फसलेले दोन प्रयत्न अर्थात डीबगमध्ये. शोधायला येणाऱ्याला सापडतील, बाकीच्यांची झोप मोडणार नाही.

खरी पंचाईत वेगळीच आहे. कधी सर्व्हर अजिबात उत्तर देत नाही आणि लायब्ररी आधी साठवलेली जुनी प्रत पुढे करते. तांत्रिकदृष्ट्या काम झालं, एक्सेप्शन नाही, सगळं हिरवं. वॉलपेपरवाल्याला फरकही पडणार नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र आजच्या जागी कालचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा. इथे डीबग लावणं मला लबाडी वाटते, मी वॉर्निंग लावते. तेवढ्यानंही भागत नाही, कारण वॉर्निंग कुणीतरी कधीच बंद करून टाकलेली असू शकते. म्हणून परत दिलेल्या उत्तरातच लिहिते की ही साठवलेली प्रत आहे, अमुक तारखेची. आणि जुनी प्रत देण्याची सोय मुळात बंद ठेवते. ज्याला ती हवी, त्यानं स्वतःच्या हातानं चालू करावी.