गाठी आलेल्या हरणाचं मांस कुणी खायचं?

गेल्या नोव्हेंबरात आमच्या टीममधल्या विस्कॉन्सिनच्या सहकाऱ्याने मला एक फोटो दाखवला. त्याच्या वडिलांनी शिकार केलेलं हरीण. मानेवर आणि डोळ्याजवळ काळपट, केस नसलेल्या गाठी, एखादी लिंबाएवढी. त्यावरून घरात वाद झाला होता. वडील म्हणत होते, कातडी सोलली की संपलं. आई म्हणत होती, हे मांस माझ्या फ्रीजमध्ये येणार नाही. शेवटी तोडगा निघाला : गोरगरिबांसाठी मांस गोळा करणाऱ्या संस्थेला देऊन टाकायचं.

"तू काय केलं असतंस?" त्याने विचारलं. मी हसून म्हणालो, आमच्याकडे हरीण मारलं तर आधी तुरुंगात जावं लागतं. ते खरंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा प्रश्न ताटापर्यंत पोचत नाही. पण मी हसलो ते उत्तर टाळायला. उत्तर मी पूर्वीच देऊन बसलो होतो. हरणाच्या बाबतीत नाही, गायीच्या.

आधी हरणाचं पाहू. अशा गाठी बहुतेक वेळा चामखिळीच्या जातकुळीतल्या विषाणूमुळे येतात. त्या कातडीत असतात, मांसात उतरत नाहीत, माणसाला होत नाहीत आणि पुष्कळदा आपोआप जिरतात. गाठी पिकल्या असतील, जनावर खंगलेलं असेल तर ते खाऊ नये. एरवी कातडी काढून मांस खायला हरकत नाही, असंच तिथले वन्यजीव विभाग सांगतात. याउलट, हरणांचा मेंदू पोखरणारा एक आजार विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून आहे. तो झालेलं हरीण कित्येक महिने धडधाकट दिसतं आणि त्यातलं दूषित प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी चाचणीत सापडलेल्या हरणाचं मांस खाऊ नका, असा सल्ला दिला जातो. म्हणजे डोळा ज्याला भितो ते निरुपद्रवी, आणि ज्याची भीती बाळगावी ते डोळ्याला दिसत नाही.

तेव्हा वडिलांचं बरोबर होतं. आईची किळसही मला समजते. किळस हा गुन्हा नाही. मला खुपला तो तोडगा.

आमचं गाव घोड नदीच्या काठी, इनामगावच्या जवळ. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. गहू, बार्ली, तीळ यांचे दाणे मिळाले, तशी सांबर, चितळ, काळवीट यांची हाडंही मिळाली. अनेक हाडांवर सुरीने कापल्याच्या खुणा आहेत. त्यातल्या एखाद्या चितळाच्या अंगावर गाठी होत्या का, हे कळायला मार्ग नाही; कातडी मातीत टिकत नाही. पण त्या वस्तीत पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि धान्याचं कोठारही. घरं लहानमोठी होती तर वाटेही लहानमोठे असतील, असं मला वाटतं. नावडता तुकडा कुणाकडे गेला, हे हाड सांगत नाही.

आमच्या घरातला तुकडा कुणाकडे गेला, हे मात्र मला माहीत आहे, कारण तो मीच पोचवला.

२०२२ साली राज्यभर लंपी पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. आमच्या जर्सी गायीच्या मानेवर, कासेवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. डॉक्टर म्हणाले, हा माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. तरी आजी म्हणाली, "पोरांच्या पोटात नको जायला ते." डेअरीला घालावं तर गावभर बोभाटा. आणि दूध ओतून देणं आजीच्या जिवावर येत होतं. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच आल्या होत्या. शेताच्या कडेला कोप्या पडल्या होत्या, त्यांत लहान पोरं होती. दिवाळीला घरी आलेला मी किटली घेऊन तिकडे गेलो.

कोपीतल्या बाईने भांडं पुढे करताना विचारलं, "गाय बरी हाय ना, दादा?"

मी म्हणालो, "हो."

चार-पाच दिवस दूध दिलं. कुणी आजारी पडलं नाही. मी स्वतःला सांगत राहिलो, डॉक्टर म्हणालेत ना चालतं म्हणून. मग घरी का चालत नव्हतं? शिवाय गाठी चिघळू नयेत म्हणून गायीला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती. अशा वेळी काही दिवस दूध माणसांना द्यायचं नसतं, आणि ते औषध उकळून जात नाही, हे मी पुढे वाचलं. आम्ही सगळे गाठी बघत बसलो. नेमका प्रश्न विचारला तो त्या बाईने, आणि तिलाच मी खोटं उत्तर दिलं.

आपल्या मुलखात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. गावाने टाकलेलं मेलेलं जनावर ओढायचं आणि त्याचं मांस खायचं, हे एका समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या लावलं गेलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी ते सोडायला सांगितलं. ते मांस आरोग्याला कसं, एवढाच तो प्रश्न नव्हता. जे आपल्या ताटात नको ते दुसऱ्याच्या ताटात चालेल, असं ठरवणारे आपण कोण, हा होता. माझ्या हातातल्या किटलीत तोच प्रश्न होता, फक्त वर दयेची साय होती.

यावर कुणी म्हणेल, मग काय, उपाशी माणसासमोर चांगलं अन्न ओतून द्यायचं? नाही. सांगून द्यायचं. "लंपी झालाय, इंजेक्शनं चालू आहेत, आम्ही पीत नाही, तुम्ही बघा," एवढं म्हटलं असतं तर ठरवणं तिच्या हातात राहिलं असतं. कदाचित तिने घेतलंही असतं. पण मी तिच्या वतीने ठरवलं आणि वर तिचं "देव भलं करो" ऐकून घेतलं.

त्या सहकाऱ्याला मी उशिरा का होईना उत्तर दिलं. हरीण मारलंच आहे, तर नुसत्या कातडीवरच्या गाठींसाठी ते फेकू नये. जीव घेऊन वाया घालवणं हा दुसरा अन्याय. वडिलांनी ते खावं. आईने खाऊ नये, तिची मर्जी. पण दुसऱ्याला द्यायचं तर फोटोसकट द्यावं.

त्याने कळवलं, मांस आधीच देऊन झालंय. फोटोबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.