कयामतीच्या निशाण्या आणि आपला शेजारी

कोठे युद्ध पेटले, भूकंप झाला किंवा महामारी आली की श्रद्धावंत माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : अखेरची घटिका हीच तर नव्हे? हा प्रश्न केवळ मुस्लिमांचा नाही. वसईतील माणिकपूर येथे सेंट मायकल चर्चच्या परिसरातील जुनी ख्रिस्ती कुटुंबे, हिंदू कुटुंबे आणि मुस्लिम कुटुंबे एकाच बाजारात आणि एकाच लोकलमध्ये भेटतात. येशू पुन्हा येतील, ही त्या ख्रिस्ती शेजाऱ्याची श्रद्धा आहे. हजरत ईसा (अ.) कयामतीपूर्वी पुन्हा येतील, ही आपलीही श्रद्धा आहे. तो त्यांना ईश्वरपुत्र मानतो, आपण अल्लाहचे दास आणि प्रेषित मानतो. हा भेद मूलभूत आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु एक नैतिक प्रश्न दोघांपुढे सारखाच आहे. आजच्या घटनेवर बोट ठेवून ‘हीच ती निशाणी’ असे सांगण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

प्रथम ख्रिस्ती धर्मग्रंथ काय शिकवतो ते पाहू. मार्कच्या शुभवर्तमानानुसार तो दिवस आणि ती घटिका देवदूतांनाही ठाऊक नाही, स्वतः येशूंनाही नाही. युद्धे आणि युद्धांच्या वार्ता ऐकून घाबरू नका, एवढ्याने शेवट होत नाही, असे मत्तय सांगतो. लूकमध्ये तर एक फारच बोलका प्रसंग आहे. यरुशलेममध्ये एक बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न येशूंनीच केला, त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. पुढे थेस्सलनीका येथील काही ख्रिस्ती अनुयायी ‘दिवस आलाच’ या चर्चेने अस्वस्थ झाले. त्याच मंडळीत काही जण कामधंदा टाकून बसले, तेव्हा पौलाने पत्र लिहून त्यांना खडसावले आणि स्वतःच्या कष्टाची भाकरी खाण्यास सांगितले.

असे असूनही तारखा काढण्याचा मोह थांबला नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस निश्चित मानला. काहींनी शेतातील पीकही कापले नाही. दिवस उगवला आणि मावळला. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा एक पिढी म्हणजे चाळीस वर्षे असा हिशेब करून काही धर्मोपदेशकांनी 1988 कडे बोट दाखवले. तेही वर्ष सरले.

हे वाचून आपण समाधानाने हसण्याचे कारण नाही. 20 नोव्हेंबर 1979 रोजी, हिजरी 1400 च्या पहिल्या पहाटे, जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या सशस्त्र साथीदारांनी मक्केच्या पवित्र मस्जिदीचा ताबा घेतला आणि आपल्यातील एकाला ‘महदी’ घोषित केले. दोन आठवडे चाललेल्या त्या संघर्षात शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, तो ‘महदी’ही मारला गेला. ज्या पवित्र भूमीत रक्तपात निषिद्ध आहे, तेथे तो निशाण्यांच्या नावाने झाला.

निशाण्यांच्या अशा वाचनात तारीख चुकते, हा त्यातला लहान दोष आहे. मोठा दोष हा की माणूस नजरेआड होतो. गाझामध्ये ढिगाऱ्याखाली सापडलेले मूल कोणाच्या भाकिताचा पुरावा होण्यासाठी जन्मलेले नसते. त्याच्या मृत्यूत ‘शेवट जवळ आला’ एवढेच ज्याला दिसते, मग तो ख्रिस्ती असो वा मुस्लिम, त्याच्या मनातील दया आटू लागते. तसेच शेजाऱ्याचेही होते. काही ख्रिस्ती प्रवचनांत मुस्लिम हे अखेरच्या युद्धातील शत्रुसैन्य ठरतात, तर काही मुस्लिम भाषणांत सारे ख्रिस्ती दज्जालचे साथीदार ठरतात. अशी भाषणे मोबाइलवरून आज मराठी घरांतही पोहोचतात. आजारपणात धावून येणारा शेजारी मग शेजारी राहत नाही, नाटकातील खलपात्र बनतो.

मग निशाण्या सांगितल्याच कशासाठी? आभाळ भरून आले की वसईचा शेतकरी पावसाचा मुहूर्त सांगत बसत नाही, तो बांध नीट करतो. आपल्या आदरणीय प्रेषितांनी (स.) नेमके हेच शिकवले. हिजरी 10 मध्ये त्यांचा तान्हा पुत्र इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. पुत्रशोकात आकाशही सामील झाले, असे लोक म्हणू लागले. प्रेषितांनी (स.) ते तत्काळ नाकारले. कोणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आणि लोकांना नमाज, दुआ व दानधर्माकडे वळवले. कयामत केव्हा येईल, असे एकाने विचारले, तेव्हा तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस, असा उलट प्रश्न त्यांनी केला. तिचे ज्ञान केवळ अल्लाहपाशी आहे, हे कुरआनने सूरह अल-आराफमध्ये आणि सूरह लुकमानमध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. दज्जालचा इशारा देतानाही प्रेषितांनी (स.) शिकवले ते नमाजमध्ये अल्लाहचा आश्रय मागणे आणि सूरह अल-कहफच्या आरंभीच्या आयती पाठ करणे. तो कोण, हे हुडकत फिरण्याचे काम त्यांनी सर्वसामान्य अनुयायांवर सोपवले नाही.

या दृष्टीने वसईचा इतिहास पाहावा. मे 1618 मध्ये येथे भीषण वादळ झाले. चर्चची छपरे उडाली, समुद्र वस्तीत शिरला. सुमारे दोन हजार माणसे दगावल्याचे जुने वृत्तांत सांगतात, आणि आगाशीला वाऱ्याने एक जहाज उचलून घरावर फेकल्याची नोंदही त्यांत आहे. ती रात्र पाहणाऱ्यांना जग संपले असे वाटले असेल, तर नवल नाही. तरीही त्यानंतर येथे पुन्हा घरे उभी राहिली, केळीच्या बागा लागल्या, चार शतके लेकरे जन्मत राहिली. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले आणि मिठागर वस्तीतील कुटुंबे अडकली, तेव्हाही कोणाला अखेरचा दिवस आठवला असेल. पण त्या पाण्याने आपल्याला विचारलेले प्रश्न फार जवळचे होते : पाणथळ जागा कोणी भरल्या, नाले कोणी बुजवले, आणि बुडणाऱ्याला हात कोणी दिला?

वसईचेच धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची श्रद्धाही येशूंच्या पुनरागमनाची होती. त्या श्रद्धेने त्यांना हातावर हात ठेवून बसवले नाही. ‘हरित वसई’च्या चळवळीत ते झाडे, विहिरी आणि शेती वाचवण्यासाठी उभे राहिले. हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषितांचा (स.) उपदेश असा आहे की, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हाती रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावूनच टाका. त्या रोपाचे फळ कोण खाईल, हा प्रश्न लावणाऱ्याचा नाही. त्याच्याकडून हिशेब मागितला जाईल तो हाती असलेल्या रोपाचा.

वाचकहो, अखेरचा दिवस येणारच आहे, हा आपल्या ईमानचा भाग आहे. आपल्यापैकी प्रत्येकाची कयामत तर त्याच्या मृत्यूबरोबरच सुरू होते, आणि तिच्यासाठी कोणत्याही बातमीची वाट पाहावी लागत नाही. ख्रिस्ती शेजाऱ्याशी या विषयावर बोलणे निघाले तर निशाण्यांचा हिशेब मांडण्याऐवजी, त्या दिवशी कोणत्या तोंडाने उभे राहणार आहोत, हे एकमेकांना विचारावे. अल्लाह आपणा सर्वांना त्या दिवसाची खरी तयारी करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.