काळजी : गुण कीं व्याधि?

मराठींत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींस लावण्यांत येतो. आपण आजाऱ्याची काळजी घेतों आणि परगांवीं गेलेल्या मुलाची काळजी करतों. पहिली कृति आहे, दुसरी मनाची अवस्था. परंतु शब्द एक असल्यामुळें दुसरीसही पहिलीचा मान मिळतो, आणि जो अधिक चिंता करील तो अधिक प्रेमळ, असा समज आमच्या कुटुंबांत रूढ झाला आहे. तो कितपत न्याय्य आहे?

काळजी घेण्यास अंत असतो. ताप उतरला, कीं उशाशीं जागणारा स्वस्थ झोपीं जातो. जुनाट चिंतेचें तसें नाहीं. मुलगा सुखरूप पोंचल्याचें कळलें, तरी ती तत्काळ दुसरा विषय शोधून काढते. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९८० सालीं आपल्या वर्गीकरणांत ह्या व्याधीस स्वतंत्र स्थान दिलें. निदान सहा महिने, बहुतेक दिवस, आवरूं म्हटल्यास न आवरणारी चिंता. आणि तिच्यासवें अस्वस्थता, लवकर येणारा थकवा, चित्त एकाग्र न होणें, चिडचिड, स्नायूंचा ताण व झोंपेचा बिघाड ह्यांपैकीं तीन तरी लक्षणें, ही प्रौढांसाठीं तिची आजची कसोटी होय.

घरांत मात्र हीं लक्षणें सुटीं सुटीं पाहिलीं जातात. मान-खांदे दुखतात म्हणून तेल चोळतात, झोंप येत नाहीं म्हणून वयाकडे बोट दाखवितात, आणि चिडचिडीचें खापर स्वभावावर फोडतात.

ह्या अज्ञानास एक अप्रिय कारण आहे. औषधांच्या वेळा, शाळेच्या फीचे दिवस, उशिरां येणाऱ्याची वाट, हें सारें घरांतील एक व्यक्ति, बहुधा गृहिणी, अहोरात्र मनांत घोळविते. म्हणून बाकीचे निर्धास्त असतात. तिच्या क्लेशांत आमची सोय आहे, आणि त्या क्लेशासच आम्ही मायाळूपणा म्हणून गौरवितों. असला गौरव हा आमच्या मतें निष्काळजीपणाच होय.

‘उगीच चिंता करूं नकोस,’ हा उपदेशही तापानें फणफणलेल्यास ‘तापूं नकोस’ म्हणण्यासारखाच. ही व्याधि तज्ज्ञांशीं होणाऱ्या उपचारात्मक संवादानें व औषधांनीं पुष्कळ अंशीं आटोक्यांत येते. तेव्हां स्तुति व उपदेश दोन्ही बाजूस ठेवून, रात्रीं झोंप लागते कीं नाहीं हें तिला विचारावें, तिच्या माथ्यावरील कांहीं भार आपण उचलावा, व तिला तज्ज्ञाकडे न्यावें. जी सर्वांची काळजी करते, तिची काळजी घेण्याचें कर्तव्य घरांतील इतर सर्वांचें आहे.