तूप कोणी वाढलं?

मावशीच्या पुस्तिकेची प्रुफं वाचून द्यायचं मी कबूल केलं होतं ते शुद्धलेखनापुरतं. कॉलेजातल्या मुलांसाठी भारतीय दर्शनांची ओळख, आणि त्यात चार्वाकांना नऊ पानं. नऊही वाचून झाली तेव्हा वाटलं, एखादं पान प्रेसमध्येच राहिलं की काय.

"मावशी, तूप कुठे गेलं?"

"कसलं तूप?" ती मटार सोलत होती.

"कर्ज काढून प्यायचं. चार्वाक म्हटलं की लोकांना तेवढंच तर येतं."

"म्हणूनच काढलं. ते त्यांचं नाही."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी पेन्सिल खाली ठेवली. हप्त्यावर फ्रिज घेणाऱ्या प्रत्येकाला आपण आजवर ज्याच्या नावानं चिडवत आलो, त्याचं ते वाक्यच नाही?

मावशी उठली, हात पुसले आणि कपाटातून 'सर्वदर्शनसंग्रह' काढून आणला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत टीकेसह संपादलेला, भांडारकर संस्थेनं 1924 साली छापलेला. पुठ्ठा सुटलेला, नाडीनं बांधलेला. पहिल्या प्रकरणात दोन खुणा होत्या. सुरुवातीला लग्नपत्रिकेचा तुकडा, शेवटी बसचं तिकीट.

"पत्रिकेपाशी वाच. आता तिकिटापाशी."

श्लोक एकच, प्रकरणही एकच. दोन्हीकडे जगाल तोवर सुखानं जगा, आणि जळून राख झालेला देह काही परत यायचा नाही, हाच आशय. फरक फक्त दुसऱ्या चरणात. सुरुवातीला तिथे आहे, मृत्यूच्या तावडीतून कोणीच सुटत नाही. शेवटी त्याच जागी कर्ज आणि तूप.

"एकाच माणसानं दोन्ही लिहिलं?"

"चौदाव्या शतकातला विजयनगरचा माधव. पण त्याच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी काश्मिरात जयंतभट्टानं 'न्यायमंजरी'त हाच श्लोक दिलाय. तिथे तूप नाही, मृत्यू आहे. कोलकात्याच्या रामकृष्ण भट्टाचार्यांनी या ओळीचा माग काढला आणि तूप मागाहून घुसवलंय, असं ठरवलं. मला पटतं ते."

"मग तळटिपेत टाक. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीसुद्धा परिशिष्टात गेला. पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवता येतं, तर तुपाचं काय!"

"तळटिपेत टाकलं की मुलं तेवढंच वाचतात. आणि महाभारताची गोष्ट वेगळी. तिथे पोथ्यांचा ढीग होता, एकमेकींशी ताडून बघता आल्या. इथे पोथीच नाही. चार्वाकांचं सूत्र गेलं, त्यावरच्या टीका गेल्या. पुरंदर, उद्भट यांची नावं आणि तुटक वाक्यं उरली, तीही दुसऱ्यांच्या ग्रंथांत."

"जयराशी आहे ना?"

"आहे. 'तत्त्वोपप्लवसिंह'. ताडपत्रावरची पोथी पाटणच्या भांडारात 1926 साली सापडली, पंडित सुखलालजी आणि रसिकलाल परीख यांनी संपादून 1940 साली बडोद्याहून छापली. पण जयराशी प्रत्यक्षालाही प्रमाण म्हणून उभं राहू देत नाही. चार्वाकांचा सगळा डोलारा ज्या खांबावर, तोच हा करवतीनं कापतो. त्याला त्यांच्यात धरायचं की नाही, यावरच पंडितांचं जमत नाही."

"म्हणजे तुझे सगळे साक्षीदार विरुद्ध बाजूचे. जयंतभट्ट तरी कुठे त्यांचा मित्र? तो त्यांना धूर्त म्हणतो. मग एका विरोधकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं, हे तू कशावरून ठरवलंस?"

प्रश्न तिला आवडला, हे मटारच्या शेंगेवरून कळलं. तिनं ती न सोलताच दाण्यांच्या पातेल्यात टाकली.

"साक्षीदाराच्या फायद्यावरून. मृत्यूच्या ओळीत विरोधकाला हसण्यासारखं काहीच मिळत नाही. तरी तो ती देतो, म्हणजे जशी ऐकली तशी दिली. तुपाची ओळ दिली की पुढे खंडन करायची गरजच उरत नाही, माणूस आपोआप उल्लू ठरतो. शिवाय माधव एकदाच नाही घसरला. त्याचा चार्वाक अनुमान मुळीच मानत नाही. धूर दिसला तरी विस्तव आहे म्हणायची चोरी! पण कमलशील हा बौद्ध, तोही विरोधकच, स्वच्छ नोंदवून ठेवतो की पुरंदर रोजच्या व्यवहारातलं अनुमान मानत होता. त्याची हरकत परलोकाबद्दलच्या अनुमानाला होती. किती शहाणी भूमिका आहे ही! माधवानं ती घालवली आणि वेडा माणूस उभा केला."

इथवर मी हरलोच होतो. तेवढ्यात तिकिटाच्या आसपासचे बाकीचे श्लोक दिसले. यज्ञात मारलेला पशू स्वर्गाला जात असेल तर यजमान आपल्या बापालाच का मारत नाही? श्राद्धातलं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला?

"मावशी, हे बोलणं कोणाचं? असलेच युक्तिवाद विष्णुपुराणातही आहेत, असुरांना भुलवणाऱ्या मायामोहाच्या तोंडी. म्हणजे माधवानं हे पदरचं घातलेलं नाही. ही माणसं टिंगलखोर होती. मग तुपाचा विनोद त्यांचाच नसेल कशावरून? नीट बघ. माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो, देवांचं, ऋषींचं, पितरांचं, असं वैदिक सांगतात. आणि तूप कुठे जातं? अग्नीत. चार्वाक म्हणतो, ती न घेतलेली ऋणं राहू देत, हवं तर वाण्याकडून खरंखुरं कर्ज काढ, आणि तूप आगीत ओतण्यापेक्षा स्वतः पी. बसतंय की नाही?"

"हे कुठे वाचलंस?"

"आत्ता सुचलं."

"त्याचीच भीती वाटते. अर्थ सुंदर लागला म्हणून पाठ खरा ठरत नाही."

"आणि ओळ ओंगळ आहे म्हणून खोटी?"

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चौतीस वर्षं शिकवलं. दर वर्षी तुपाशी वर्ग हसायचा, आणि हसू ओसरेपर्यंत तास संपायचा. धुरावरून विस्तव ठरवताना आपण नेमकं काय गृहीत धरतो, हा त्यांचा खरा प्रश्न. तिथवर मी एकदासुद्धा पोचले नाही. वाटलं, निदान पुस्तकात तरी कोणी हसणार नाही. पुरावा माझ्या बाजूला आहे, हे खरं. पण पुरावा नसता तरी मी ती ओळ काढली असती की काय, कोण जाणे."

"माधवाला शेवटी अद्वैतापर्यंत चढायचं होतं, म्हणून त्याला पहिली पायरी ठेंगणी हवी होती. तुला ती उंच हवी आहे."

"म्हणजे मला त्याच्याच पंगतीला बसवलंस."

"तूप तिथेच वाढतात."

ती हसली नाही. मला ते लागलं, कारण बोलताना मी जरा खूश झालो होतो. वाद जिंकायच्या नादात आपणही समोरच्याच्या तोंडी सोयीची ओळ घालतोच. आपल्याकडे पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडायची शिस्त आहे, तिचं कौतुक पुष्कळ होतं. तो पूर्वपक्ष चुकीचा मांडला गेला तर मूळ माणसाकडे दाद मागता येईल का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. चार्वाकांच्या बाबतीत ती सोय राहिली नाही.

मावशीनं प्रूफ ओढून घेतलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं. दोन्ही ओळी, मजकुरातच, तळटिपेत नाही. आधी मृत्यू, मग तूप. मृत्यूखाली जयंतभट्ट आणि माधव, तुपाखाली माधव. त्यातली कोणती ओळ चार्वाकांची, यावर एक अक्षरही नाही.

"तुझं मत लिहीत नाहीस?"

"प्रस्तावनेत लिहीन, माझ्या नावानं. इथे नको." मग तिनं पहिलं पान उलटून पाहिलं आणि पेन्सिल थांबली. "अरे, असं असेल तर 'चार्वाक म्हणतात' हेही कुठेच लिहिता येत नाही."

आम्ही मोजलं. नऊ पानांत ते एकतीस वेळा आलं होतं. रात्री साडेदहापर्यंत बसून प्रत्येक ठिकाणी कोणाच्या ग्रंथात ते तसं म्हणतात, ते लिहून काढलं. एकही जसंच्या तसं ठेवता आलं नाही. नवाची आता बारा पानं झाली आहेत, आणि पुस्तिका आठवडाभर उशिरा निघणार आहे.