मुंगी, किडा आणि आपले पाऊल

श्रावणात नागपंचमीच्या सुमारास विदर्भातील हजारो भाविक पचमढीच्या नागद्वाराची यात्रा करतात. हरि आणि हर यांत भेद नाही, हे वारकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आम्हीही एकदा त्या वाटेने गेलो. सातपुड्याचा हा भाग वाळूच्या दगडाचा. सातपुड्यातील सर्वांत उंच धूपगड, सुमारे १३५० मीटरचा, तोही याच दगडाचा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भूमीत साग वाढतो. येथे सालवृक्षांची राने आहेत. दगड झिजतो आणि त्याची पुन्हा वाळू होते.

पाऊस आला म्हणून एका कपारीखाली बसलो. तेथल्या कोरड्या, पिठासारख्या वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे लहान लहान खळगे होते. एकात मुंगी घसरली. ती वर चढू लागली की तळाशी दडलेला किडा डोक्याने वाळू उडवी आणि ती पुन्हा खाली येई. बरोबरचा मुलगा म्हणाला, “बुवा, काढू का हो तिला?” मी म्हटले, “काढ बाबा.” त्याने काडी घातली. मुंगी सुटली, खळगा मोडला. लगेच पोराने विचारले, “आता तो किडा काय खाईल?”

जन्मभर कीर्तनात भूतदया सांगितली. पण त्या घटकेला तोंडात उत्तर नव्हते.

पूर्वपक्ष असा की, देव मुंगीत आहे तसा किड्यातही आहे. मग एकाला वाचवून दुसऱ्याला उपाशी ठेवणे ही दया कसली? बरे, दोघेही देवच म्हणून नुसते पाहत बसावे, तर हृदयाचा दगड व्हायचा!

सज्जनहो, मला उमगले ते इतकेच. त्या किड्याजवळ निवड नाही. मिळेल तेव्हा खातो, न मिळेल तर कित्येक दिवस तसाच पडून राहतो. पुढे वाळू-रेशमाचा कोश करतो आणि त्यातून चतुरासारखे पंख घेऊन बाहेर येतो. त्याच्या भुकेला पाप म्हणणारे आपण कोण? मुलाला मुंगीची कणव आली, ती चांगलीच. पण किड्याचा राग आला असता, तर ती कणव नासली असती.

जेथे निवड आहे तेथेच धर्म-अधर्म. ती आपल्याजवळ आहे. उठताना पाहिले, तर आमच्याच पथाऱ्यांखाली कितीतरी खळगे चिरडले होते. आम्हाला ना भूक होती, ना गरज, नुसती बेफिकिरी. मुंगीचा न्याय करायला निघालेलो मी, बसण्यापूर्वी खाली पाहिले नव्हते!

असो. दया म्हणजे सृष्टीचा न्यायनिवाडा नव्हे. आपले पाऊल कोठे पडते ते पाहणे, ही दयेची पहिली पायरी. यंदा वारीला निघताना एवढे ध्यानात ठेवू या. रामकृष्णहरि!