नवे कापड

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात टाकून दिलेल्या वस्तूला दोन नावे आहेत. घरात ती भंगार असते, बाजारात कबाड. तिच्यापासून काही घडवायचे झाले की मराठी शाळा म्हणते ‘टाकाऊतून टिकाऊ’, हिंदी शाळा म्हणते ‘कबाड से जुगाड’. मला हिंदीच अधिक प्रामाणिक वाटते. प्रदर्शनातला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड आठवड्याभरात पुन्हा टाकाऊ होतो. जुगाडाला मात्र चालावेच लागते.

काही वर्षांपूर्वी सौंसरजवळच्या एका गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलींचा शिवणवर्ग घेत असे. साहित्य म्हणजे जुनी लुगडी, खताची धुतलेली पोती आणि शिंप्याकडून मागून आणलेली कातरण. मुली त्यांतून पिशव्या शिवत, त्या आठवडी बाजारात विकल्या जात, आणि मला त्याचे मोठे कौतुक होते. एके दिवशी एका मुलीची आई दाराशी उभी राहून म्हणाली, “बाई, फाटकं शिवणं त आमच्या घरी रोजचंच आहे. पोरीले नवं कापड कापाले कधी देता?”

मला उत्तर सुचले नाही. एरवी माझ्यापाशी उत्तरे पुष्कळ होती. वर्धा आम्हांला परकी नाही. १९३७ साली तिथल्याच शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि कुमारप्पांच्या मगनवाडीत रद्दीचा, चिंध्यांचा पुन्हा कागद होत असे. आमच्याच राज्यात होशंगाबादला १९७२ ते २००२ विज्ञानशिक्षणाचा जो प्रयोग चालला, त्यात १९७८ साली अरविंद गुप्ता आले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती शिकवू लागले. टाकाऊ वस्तूचा मोठा गुण त्यात दिसतो : ती बिघडली तरी कुणी रागावत नाही. मूल निर्धास्तपणे चुकते, आणि चुकता चुकता शिकते.

पण भूमिती शिकणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. शिवणकामात शिवणारे हात गल्लोगल्ली सापडतात, कापणारा एखादाच. म्हणून कटिंग मास्तरला मान जास्त आणि मजुरीही जास्त. कातरणीवर काम करताना माप तुकडाच ठरवतो. जेवढा तो असेल तेवढीच पिशवी. अखंड कापडावर खडूने रेघ ओढून “इथे कापायचे” असा निर्णय घेण्याची वेळ त्या मुलीवर येतच नाही. मी तिला नेमका तोच भाग शिकवीत नव्हते ज्याचे पैसे मिळतात.

शिवाय शहरातल्या मुलाला हेच काम छंद म्हणून शिकवले जाते. कंटाळा आला की त्याला नवे आणता येते. आमच्या मुलीची आजी गोधडी शिवतच म्हातारी झाली. तिच्या नातीला काटकसरीचे धडे मी काय देणार होते? गरिबाच्या मुलाला गरिबीतच तरबेज करणे, याला शिक्षण म्हणावे का? झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला होता, की उद्योगाच्या मिळकतीवर भर देताना शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे. २०२०च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना व्यवसायाची ओळख करून द्या, असे आहे. चांगलेच आहे. ते दहा दिवस कुठल्या मालावर घालवायचे, एवढेच मला विचारावेसे वाटते.

पिशव्यांचे पैसे साठले होते. त्यांतून मी प्रत्येकीसाठी मीटरभर पॉपलिन आणले. त्या मुलीने माप घेतले, रेघ ओढली, कात्री उचलली आणि थांबली. “बाई, नासलं तर?” फाटक्यावर भराभर चालणारा हात नव्यावर थिजला होता. चुकण्याची भीती माझ्या वर्गात गेली आहे असे मी समजत होते. तिथे ती कधी आलीच नव्हती. ज्या घरात चिंधीही फेकली जात नाही, तिथे नवे कापड नासवणे हे पापासारखेच असते. माझ्या “नासू दे” या शब्दांत तिला धीर वाटला की माझा उधळेपणा दिसला, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून पिशव्यांच्या पैशांतून प्रत्येकीसाठी दोन मीटर कापड येते. त्यातले एक मीटर बिघडायचेच, असे धरून. “हे तं पानी टाकनं झालं,” एक बाप म्हणाला, आणि त्याचे अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. पिशव्या अजूनही शिवतो, पण सकाळचा पहिला तास अखंड कापडाचा असतो.

त्या मुलीने त्या दिवशी शेवटी कापले. गळा वाकडा आला. तिने तो तुकडा घडी घालून निमूटपणे कातरणीच्या पोत्यात ठेवला आणि उरलेल्या कापडावर पुन्हा रेघ ओढायला घेतली.